सिंहाला भुवया कुणी दिल्या?

डिस्नेने 'द लायन किंग' दोनदा काढला. पहिला १९९४ साली, हाताने काढलेल्या चित्रांचा. दुसरा २०१९ साली, सुरुवातीच्या सूर्योदयाचा एक शॉट सोडला तर सबंध संगणकावर घडवलेला. गोष्ट तीच, प्रसंग बहुतेक तेच, गाजलेली गाणी तीच आणि मूळ इंग्रजीत सिंहराजा मुफासाचा आवाजही दोन्ही वेळा जेम्स अर्ल जोन्स यांचाच. दुसऱ्या चित्रपटात आयाळीतला केस न् केस सुटा दिसतो, पंजांखाली धूळ उडते, उन्हात गवताची पाती चमकतात. तरीही मेलेल्या मुफासाच्या कुशीत त्याचा बछडा सिंबा शिरतो तो प्रसंग पहिल्या चित्रपटात घसा दाटून आणतो आणि दुसऱ्यात वन्यजीवनावरचा एखादा उत्तम माहितीपट पाहत असल्यासारखं वाटतं, अशी तक्रार अनेक समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी केली. मधल्या २५ वर्षांत तपशील वाढला, खर्च वाढला, यंत्रं कितीतरी पटींनी ताकदवान झाली. मग भाव कमी कसा पोचला?

यावर एक उत्तर तयारच असतं. लहानपणी पाहिलेलं सगळ्यांनाच गोड लागतं, हाताने काढलेल्या चित्रांचं कौतुक म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, असं ते उत्तर. त्यात तथ्य आहे आणि पुढे त्याचा नीट विचार करूच. पण एवढ्यावर विषय मिटवला तर पडद्यावर डोळ्यांना दिसणारा फरक तसाच राहून जातो. तो समजून घ्यायचा तर या दोन प्रकारच्या चित्रपटांत कष्ट नेमके कुठे खर्च होतात, हे आधी पाहावं लागतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: संगणकाने मुलांच्या चित्रपटात भर घालणं सोपं केलं आणि वगळणं अवघड केलं. आणि आपली गतकाळाची ओढ या अतिरेकाला आवर घालत नाही, उलट तिच्यावरच तो पोसला जातो.

चित्र काढणं आणि बाहुली हलवणं

चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ स्थिर चित्रं सरकतात. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. १९३७ साली आलेला डिस्नेचा 'स्नो व्हाइट' ८३ मिनिटांचा आहे, म्हणजे जवळपास १ लाख २० हजार फ्रेम. पुष्कळदा एकच चित्र सलग दोन फ्रेम दाखवून काम भागवतात आणि सेकंदाला १२ चित्रं पुरतात. तरीसुद्धा एका फ्रेममध्ये तीन पात्रं असली की प्रत्येकाचं चित्र वेगळं काढावं लागतं. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतल्या कळीच्या मुद्रा काढतो, मधली चित्रं त्याचे मदतनीस भरतात. पुढे ती पारदर्शक शीटवर उतरवून रंगवली जात. या पद्धतीत कष्ट दर चित्रागणिक मोजावे लागतात. अंगरख्याला एक बटण जास्त दिलं तर ते शेकडो वेळा काढावं लागणार. साहजिकच पात्र ठरवतानाच चित्रकार विचार करतो: हे बटण हवंच का? नाकाला एक रेघ पुरेल का? कुत्र्याच्या अंगावर केस दाखवायचे की नुसती बाह्यरेषा ठेवून मानेजवळ चार फटकारे मारायचे?

संगणकीय अ‍ॅनिमेशनचा रस्ता वेगळा आहे. तिथे पात्राचं चित्र काढत नाहीत, पात्र घडवतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची कळसूत्री बाहुली डोळ्यांसमोर आणा. आधी लाकूड कोरून बाहुली तयार होते, मग सांध्यासांध्यांत दोरे ओवले जातात आणि नंतर कलाकार वरून दोरे ओढून तिला नाचवतो. संगणकातलं पात्र असंच असतं. त्याच्या घडवलेल्या शरीराला मॉडेल म्हणतात आणि दोऱ्यांच्या जागी असलेल्या नियंत्रणांच्या जाळ्याला रिग. १९९५ साली पिक्सारने काढलेला 'टॉय स्टोरी' हा पूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यातल्या वुडी या बाहुल्याला अशी ७०० हून अधिक नियंत्रणं होती आणि त्यांतली २०० च्या वर एकट्या चेहऱ्याची. अ‍ॅनिमेटर या नियंत्रणांशी खेळून हालचाल ठरवतो. मग पृष्ठभागाचा पोत, रंग, दिवे ठरतात आणि शेवटी संगणक उजेडाची सगळी आकडेमोड करून अंतिम फ्रेम तयार करतो. या शेवटच्या टप्प्याला रेंडर करणं म्हणतात.

दोन्ही पद्धतींत कष्ट भरपूर आहेत, पण त्यांची जागा बदलते. संगणकात मोठा खर्च पहिली हालचाल व्हायच्या आधीच होऊन जातो. अंगरख्याचं बटण एकदा घडवलं की ते सगळ्या फ्रेममध्ये आपसूक हजर असतं. नवं बटण घालायची किंमत एकदाच मोजायची. याउलट पात्राचा आकार मोडायचा, मान अचानक रबरासारखी ताणायची, घाबरल्यावर क्षणभर सगळा चेहराच दोन डोळ्यांएवढा करून टाकायचा, तर ती सोय कुणीतरी रिगमध्ये आधी करून ठेवलेली असावी लागते. पेन्सिलवाल्याला त्यासाठी फक्त तसं चित्र काढावं लागतं. हे सगळं संगणकात जमतच नाही असं नाही. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन बुजुर्ग अ‍ॅनिमेटरांनी १९८१ साली आपल्या कलेची १२ तत्त्वं पुस्तकरूपात मांडली. त्यांतलं पहिलंच तत्त्व वस्तू दबते आणि ताणली जाते तेव्हा जिवंत वाटते, हे. पुढे पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांनी १९८७ साली एक निबंध लिहून हीच तत्त्वं संगणकाला कशी लावायची ते दाखवून दिलं. म्हणजे अडचण यंत्राच्या क्षमतेची कधीच नव्हती. मुद्दा स्वस्त काय आणि महाग काय, याचा आहे. कारण घाईच्या, बजेटच्या, शेकडो माणसांच्या कामात निर्णय हळूहळू स्वस्ताच्या दिशेने घसरत जातात.

चौकट: तीन पद्धती
*हाताचं अ‍ॅनिमेशन:* प्रत्येक हालचालीसाठी चित्रं काढली जातात. आज कागदाऐवजी बरेचदा संगणकाच्या पाटीवर. *स्टॉप-मोशन:* खऱ्या बाहुल्या किंवा मातीच्या आकृत्या किंचित किंचित हलवून दर वेळी एक छायाचित्र घेतलं जातं. *संगणकीय अ‍ॅनिमेशन:* संगणकात घडवलेल्या त्रिमित पात्रांना नियंत्रणांनी हलवून फ्रेम रेंडर केल्या जातात. लोकांच्या बोलण्यात हेच 'थ्रीडी'.

स्कारच्या चेहऱ्यावरची रेघ

आता 'लायन किंग'कडे परत येऊ. १९९४ च्या चित्रपटातल्या स्कारची, म्हणजे मुफासाच्या दुष्ट भावाची, मुख्य जबाबदारी आंद्रेआस देया या अ‍ॅनिमेटरकडे होती. त्याचा चेहरा थांबवून पाहा. डोळ्यांभोवती काळसर खोबणी, हिरवी बुबुळं, हाडकुळा जबडा आणि दोन जाड, कमानदार भुवया. खऱ्या सिंहाला अशा भुवया नसतात. त्या चित्रकाराने दिल्या. एक भुवई किंचित वर गेली की समोरच्याबद्दलचा तुच्छभाव बोलण्याआधीच कळतो. छोट्या सिंबालाही अशाच भुवया आहेत, आणि डोळ्यांत बुबुळांभोवती माणसासारखा मोठा फिकट भाग आहे. त्यामुळे त्याची नजर कुठे वळली, केव्हा भेदरली हे मागच्या रांगेतल्या मुलालाही दिसतं.

२०१९ मध्ये निर्मात्यांनी ठरवलं की प्राणी हुबेहूब खरे दिसले पाहिजेत. हा निर्णय एकदा झाला की भुवया गेल्या. खऱ्या सिंहाचा चेहरा जेवढं बोलेल तेवढंच बोलायची मुभा उरली, आणि माणसाच्या भावना सांगायला ती अपुरी पडते. आवाज रडतो आहे, चेहरा मात्र शांत आहे, असं चमत्कारिक दृश्य त्यातून तयार होतं. राजा होण्याची घाई झालेल्या सिंबाच्या गाण्यात तर दोन पद्धतींमधलं अंतर आणखी उघडं पडतं. पहिल्या चित्रपटात गाणं सुरू होताच सवाना नाहीशी होते, आकाश भडक रंगांचं होतं, प्राणी सपाट नक्षीसारखे दिसू लागतात, एकमेकांच्या पाठीवर चढून त्यांचा मनोरा होतो आणि तो कोसळतो. मुलाच्या मनातलं राज्य ते असं आहे. दुसऱ्या चित्रपटात दोन बछडे पाणवठ्यावरच्या प्राण्यांमधून पळत जातात. खऱ्या दिसणाऱ्या जिराफाच्या पाठीवर खरा दिसणारा पाणघोडा चढला तर ते भयंकर दिसेल, म्हणून मनोऱ्याची वाटच बंद झाली. जिथे चित्राने मनाच्या आत जायचं, तिथे तपशिलाने दार लावून घेतलं.

लहान मुलांच्या गोष्टीत ही हानी जास्त जाणवते. मुलांच्या गोष्टीतला प्राणी कधीच निव्वळ प्राणी नसतो. तो लोभी असतो, भित्रा असतो, थापाड्या असतो. पंचतंत्रातल्या कोल्ह्याला खऱ्या कोल्ह्याच्या कातडीत अडकवून ठेवलं तर गोष्ट सांगायची कशाने?

वाचलेला वेळ जातो कुठे?

यंत्रं जलद झाली की चित्रपट लवकर आणि स्वस्तात होतील, असं वाटणं साहजिक आहे. पण संगणकीय चित्रणातले जुने जाणकार जिम ब्लिन यांनी केलेलं एक निरीक्षण त्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. संगणक कितीही वेगवान झाले तरी एक फ्रेम रेंडर व्हायला लागणारा वेळ साधारण तेवढाच राहतो. 'टॉय स्टोरी'च्या काळात फ्रेमला तासन् तास लागायचे आणि कितीतरी वेगवान यंत्रं आल्यावरही मोठ्या चित्रपटांना तासन् तासच लागत राहिले. कारण वाचलेल्या वेळात आणखी केस, आणखी पानं, आणखी प्रतिबिंबं घातली जातात. पिक्सारच्याच २००१ च्या 'मॉन्स्टर्स, इंक.' मधल्या सली या राक्षसाच्या अंगावर सुमारे २३ लाख केस होते आणि ते वाऱ्याने, धक्क्याने कसे हलतील हे मोजायला खास प्रणाली तयार करावी लागली. त्या वर्षी ती खरोखर थक्क करणारी गोष्ट होती आणि त्या गोष्टीला तिची गरजही होती. मऊ, केसाळ राक्षस एका चिमुरडीच्या मिठीत आला की तो मऊपणा प्रेक्षकाला हाताला जाणवायला हवा होता. पुढे मात्र केस ही प्रत्येक चित्रपटाची किमान पात्रता होऊन बसली.

'टॉय स्टोरी'चं यश या बाबतीत पुन्हा पाहण्यासारखं आहे. १९९५ सालच्या तंत्राला माणसाची त्वचा आणि केस नीट जमत नव्हते, गुळगुळीत प्लॅस्टिक मात्र छान जमायचं. म्हणून कथा खेळण्यांची निवडली गेली आणि माणसं जमेल तेवढी दूर ठेवली. यंत्राची मर्यादा ओळखून कथा, पात्रं, कॅमेऱ्याची उंची असं सगळं बेतलं गेलं. संगणकाने काढलेला तो पहिलाच चित्रपट वगळण्याच्या कलेचा उत्तम नमुना होता. अतिरेक सुरू झाला तो मर्यादा संपल्यावर.

हातानेही पळवाटा काढल्याच होत्या

इथे एक आक्षेप रास्त आहे. हाताचं काम पवित्र आणि यंत्राचं काम आळशी, अशी वाटणी इतिहासाला धरून नाही. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० पासून 'टॉम अँड जेरी' काढलं ते सिनेमागृहांसाठी, सढळ खर्चाने. १९५७ मध्ये त्यांचा स्टुडिओ बंद झाला आणि ते दूरचित्रवाणीकडे वळले. तिथे पैसा आणि वेळ दोन्ही तोकडे. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे, तो शोभेसाठी नाही. कॉलरच्या रेघेवर डोकं आणि धड वेगळं करता येतं. धडाचं एकच चित्र तसंच ठेवायचं आणि बोलताना फक्त डोकं नव्याने काढायचं, की काम निम्म्याहून कमी. पात्र पळत असताना मागे तेच झाड आणि तेच घर पुन्हा पुन्हा सरकत जातं, हेही तिथलंच. डिस्नेसुद्धा याला अपवाद नाही. १९७३ च्या 'रॉबिन हूड'मधल्या नाचाच्या प्रसंगात 'स्नो व्हाइट' आणि 'जंगल बुक'मधल्या जुन्या हालचाली गिरवून वापरल्या आहेत. नव्वदच्या दशकात गाजलेल्या चित्रपटांचे थेट व्हिडिओ कॅसेटवर आलेले दुय्यम उत्तरभाग हातानेच काढलेले होते, आणि आज त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

शिवाय १९९४ चा 'लायन किंग' तरी संगणकाशिवाय कुठे झाला? मुफासाचा जीव घेणारी ती रानगव्यांसारख्या विल्डबीस्टांची चेंगराचेंगरी संगणकावर तयार झाली. शेकडो जनावरं एकमेकांत न घुसता पळतील अशी खास व्यवस्था त्यासाठी लिहावी लागली. चित्रं रंगवण्याचं कामही तेव्हा संगणकावर होत होतं. पण तिथे यंत्र एका नेमक्या गरजेसाठी आलं. कळप एकजीव, आंधळा आणि न थांबणारा वाटायला हवा होता, आणि त्यात कुणा एका जनावराला चेहरा असण्याची गरज नव्हती. चेहरे पेन्सिलीकडे राहिले. वापर आणि अतिरेक यांच्यातली सीमारेषा मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसते.

आठवण साक्षीदार म्हणून किती विश्वासार्ह?

आता स्मरणरंजनाचा आक्षेप. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं की एखादी गोष्ट वारंवार नजरेखालून गेली, एवढ्यानेच ती आपल्याला आवडू लागते. परक्या लिपीतली अर्थहीन वाटणारी चिन्हंसुद्धा. लहानपणी एकच कॅसेट पन्नासदा पाहणाऱ्या पिढीवर याचा काय परिणाम झाला असेल ते वेगळं सांगायला नको. दुसरं, माणसाच्या ठळक आठवणींचा मोठा साठा साधारण दहा ते तिशीच्या वयातला असतो, हेही अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. तिसरं कारण चाळणीचं. जुन्या काळातलं वाईट विस्मरणात गेलेलं असतं, त्यामुळे त्या काळातल्या निवडक उत्तमाची तुलना आपण आजच्या सरसकट मालाशी करतो. ही तुलना अन्यायाची आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना या तिन्हींचा अनुभव एकाच नावाशी जोडता येईल. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचं. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीची ती मालिका. हिंदीत शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर ती काटकसरीतच केलेली होती. स्थिर पार्श्वभूमी, मोजक्या हालचाली, बोलताना फक्त ओठ हलणं. तरीही चाळिशीतली माणसं आज तिचं नाव काढताच हरखून जातात. त्या आनंदात रविवारची सुट्टी आहे, शेजारच्या घरातला एकच रंगीत टीव्ही आहे, भावंडं आहेत. चित्रकलेचा वाटा त्यात किती, हे आठवणीला विचारून कळणार नाही. आणि आज पंचविशीत असलेल्या माणसाला 'फाइंडिंग निमो'ने तेवढंच भरून येतं, तो चित्रपट पूर्णपणे संगणकावर झालेला असूनही. म्हणजे स्मरणरंजन कुठल्याही तंत्राला चिकटतं. हाताच्या चित्रांच्या बाजूने पुरावा म्हणून ते उभं करता येत नाही, हे मी मान्य करतो.

मात्र यामुळे मूळ कोडं सुटत नाही. सिंबाच्या भुवया आठवणीत नाहीत, पडद्यावर आहेत. हा चित्रपट ज्याने कधीच पाहिलेला नाही त्याच्यासमोर दोन्ही प्रसंग आवाज बंद करून लावले, तरी कुठल्या बछड्याच्या चेहऱ्यावर भीती दिसते हे त्याला बोट ठेवून दाखवता येईल. आठवण चुकीची साक्ष देत असेल, पण कुठे पाहायचं हे ती बरोबर सांगते. काहीतरी हरवलंय ही तिची तक्रार तपासून पाहिली तर बरेचदा तिच्यामागे असं दाखवता येण्याजोगं कारण सापडतं.

ओढ विकली जाते तेव्हा

मग हाताचं अ‍ॅनिमेशन मागे का पडलं? लोकांना ते नको होतं म्हणून, असं सांगितलं जातं. २००२ सालचे डिस्नेचे दोन चित्रपट शेजारी ठेवले की हे उत्तर लंगडं पडतं. 'ट्रेझर प्लॅनेट' सुमारे १४ कोटी डॉलर खर्चून काढला आणि तेवढेही परत मिळाले नाहीत. त्याच वर्षी 'लिलो अँड स्टिच' सुमारे ८ कोटी डॉलरमध्ये झाला. त्याच्या पार्श्वभूमी जलरंगात रंगवल्या होत्या, पात्रं गुबगुबीत आणि साधी होती. त्याने जगभरात २७ कोटी डॉलरच्या आसपास कमावले. दोन्ही हाताने काढलेले. पण तोवर संगणकावर झालेल्या 'श्रेक'ने आणि पिक्सारच्या चित्रपटांनी बाजार जिंकला होता, आणि कंपनीने अपयशाचं खापर तंत्रावर फोडलं. २००४ मध्ये हाताने चित्रं काढणारा डिस्नेचा फ्लोरिडातला स्टुडिओ बंद झाला. 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' (२००९) आणि 'विनी द पू' (२०११) हे दोन प्रयत्न झाले, त्यानंतर डिस्नेने पूर्ण लांबीचा हाताचा चित्रपट काढलेला नाही. अ‍ॅनिमेटेड चित्रपटाचं ऑस्कर २००१ च्या चित्रपटांपासून देतात. २०२४ पर्यंतच्या २४ विजेत्यांत संगणकीय चित्रपट २०, स्टॉप-मोशन दोन आणि हाताचे दोनच, आणि तेही दोन्ही जपानच्या हायाओ मियाझाकी यांचे.

आता यात गतकाळाची ओढ कुठे येते ते पाहा. 'जंगल बुक' २०१६, 'ब्यूटी अँड द बीस्ट' २०१७, 'अलादिन' आणि 'लायन किंग' २०१९. या साऱ्या जुन्या गोष्टी संगणकाच्या खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कातडीत पुन्हा आल्या. तिकीट काढणारा पालक स्वतःच्या लहानपणासाठी तिकीट काढतो आणि मूल बरोबर नेतो. २०१९ च्या 'लायन किंग'ने जगभरात १६० कोटी डॉलरहून जास्त कमावले. तक्रारी झाल्या, पण तिकिटं आधीच विकली गेली होती. नव्या गोष्टीत धोका असतो, जुन्या नावात नसतो. मग नव्या चित्रपटात नवं काय द्यायचं? गोष्ट बदलता येत नाही, कारण तीच तर हवी आहे. पात्रं बदलता येत नाहीत. उरतो तपशील: आणखी केस, आणखी धूळ, आणखी झळाळी. जुन्याबद्दलच्या प्रेमानेच अशा रीतीने जुन्याचा आत्मा असलेली रेघ पुसली जाते. २००२ चा तो जलरंगातला 'लिलो अँड स्टिच'सुद्धा २०२५ मध्ये खऱ्या नटांबरोबर संगणकीय केसाळ स्टिच घेऊन परतला आणि त्याने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. हे थांबवायचं कारण कुठल्याही कंपनीला दिसणार नाही.

मुलांना काय फरक पडतो?

मुलं काहीही आवडीने पाहतात, हा शेवटचा आणि सर्वांत जोरकस आक्षेप. पण मुलं काय काय पाहतात तेही बघायला हवं. जगभरच्या अगदी लहान मुलांना वेड लावणाऱ्या 'पेपा पिग' आणि 'ब्लुई' या दोन्ही मालिका सपाट, टूडी आहेत. दोन्ही संगणकावरच तयार होतात. पेपाचे दोन्ही डोळे तोंडाच्या एकाच बाजूला असतात, तिला पाहून कुणा मुलाने हे चूक आहे असं म्हटलेलं ऐकिवात नाही. मुलाला हुबेहूब दिसण्याची निकड नसते. ती मोठ्यांची, त्यातही आपण खर्च केलेला पैसा पडद्यावर दिसावा असं वाटणाऱ्या मोठ्यांची गरज आहे.

मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पेपा मूल वहीच्या मागच्या पानावर काढू शकतं. योगीही काढू शकतं, सिंबाही. चार-पाच रेघांत तो ओळखू येतो, मग त्याला रागावलेला काढायचा, रडका काढायचा, आपल्या गोष्टीत घालायचा. २०१९ चा सिंबा कुणी काढून दाखवावा! जे पाहिलं ते आपल्याला करून बघता येईल असं मुलाला वाटणं, हा बालचित्रपटाचा केवढा मोठा गुण आहे. केवळ थक्क करणाऱ्या चित्रांच्या गर्दीत तो हरवतो आणि मूल फक्त प्रेक्षक उरतं.

आशेची बाब ही की संगणक वापरणाऱ्यांनीच हे ओळखायला सुरुवात केली आहे. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'मध्ये नवशिका माइल्स सुरुवातीला सेकंदाला १२ चित्रांच्या हिशेबाने हलतो आणि त्याच्याबरोबरचा मुरलेला पीटर २४ च्या. माइल्स जरा अडखळतो असं आपल्याला वाटतं ते यामुळे. चेहऱ्यांवर हाताने रेघा ओढल्या, हालचालीतला अस्पष्टपणा मुद्दाम काढून टाकला. 'क्लाउस' (२०१९) मध्ये चित्रं हाताची आणि उजेड-सावलीला मदत संगणकाची. यंत्राला काय घालू नको हे सांगण्याचं काम या मंडळींनी स्वतःकडे घेतलं.

केसांचा हिशेब

हुबेहूबपणाची किंमत कुणीतरी मोजतं, आणि त्यात भारतातले हात बरेच आहेत. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते. २०१३ मध्ये त्या कामाला ऑस्कर मिळालं, त्याच्या काहीच दिवस आधी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. २०१६ चं 'जंगल बुक' आणि २०१९ चा 'लायन किंग' ज्या एमपीसी या कंपनीने मुख्यतः साकारले, तिची मोठी तुकडी बेंगळुरूत काम करायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा तिचा मालक समूह कोसळला आणि इथली कार्यालयंही बंद पडली. केस, पाणी, धूळ, धूर यांत तरबेज झालेली शेकडो तरुण मुलं रातोरात रस्त्यावर आली. 'लायन किंग'ने १६० कोटी डॉलर कमावले, पण ते कमावणारे वेगळे आणि केस विंचरणारे वेगळे.

त्याच्या पुढच्याच आठवड्यांत, मार्च २०२५ मध्ये, अ‍ॅनिमेटेड चित्रपटाचं ऑस्कर 'फ्लो'ला मिळालं. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा हा चित्रपट सुमारे ३५ लाख युरोत, 'ब्लेंडर' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर झाला. पुरात सापडलेलं गडद रंगाचं एक मांजर त्यात आहे आणि एकही शब्द नाही. प्राण्यांना माणसासारख्या भुवया त्यानेही दिलेल्या नाहीत, पण माणसाचे संवादही त्यांच्या तोंडी घातले नाहीत. त्यामुळे चेहरा आणि आवाज यांची फारकत होतच नाही. मांजराच्या अंगावर मोजलेले केस नाहीत, रंगाचे फटकारे आहेत. हालचाली खऱ्या मांजरांचं निरीक्षण करून अ‍ॅनिमेटरांनी स्वतः ठरवलेल्या आहेत: कान कधी मागे जातात, उडी मारण्याआधी मागचे पाय कसे चाचपडतात. फ्रेम रेंडर व्हायला तास नाही, काही सेकंद लागायचे. मुंबई, पुणे, हैदराबादेतल्या कितीतरी स्टुडिओंकडे याहून भारी यंत्रं आणि याहून जास्त माणसं आज आहेत.